पांढऱ्या वाळूची वाटणी

सुराबाया
४ मार्च २००२

युक रोहाया,

सलाम. थोरल्या नणंदेच्या गुडघ्यांची चौकशी करा, असं मुर्तिनीने बजावलंय, म्हणून आधी ती करतो. कसे आहेत गुडघे? झाली चौकशी. आता कामाचं.

आपल्या गावचा गुफ्रान आठवतो? शाळेत माझा डबा पळवायचा तो. आता तो पाक गुफ्रान, म्हणजे गुफ्रानसाहेब, झालाय. बोटांत अंगठ्या, खिशात दोन फोन. परवा यंत्रं घ्यायला इथे गोदीत आला होता, शोधत शोधत घरीही आला. म्हणाला, "बिरिन, तुझ्या बापाच्या जमिनीतलं कथील कंपनीने वरवरचंच खरवडलं. खालचं तसंच आहे. मला द्या, मी पंप लावतो. तुम्हा भावंडांना म्हातारपणी कुणापुढे हात पसरायला नको." जमीन आपल्या दोघांच्या नावावर, तेव्हा दोघांच्या सह्या लागतील.

युक, मोठी बहीण आहेस, विचार कर. बाबांचा मिरीचा मळा कंपनीने घेतला आणि खाण संपल्यावर परत काय दिलं? पांढरी वाळू आणि खाणीच्या खड्ड्यात साचलेलं हिरवं तळं. बाबांना मूठमाती द्यायला आलो, तेव्हा त्या वाळूवर मी अनवाणी उतरलो होतो. तळपाय भाजून निघाले. शेळीसुद्धा तिथे उभी राहत नव्हती. त्याला अकरा वर्षं झाली. तुझ्या तरी काय उपयोगाची आहे ती?

इकडे मी निवृत्त होतोय. ऑगस्टअखेर क्वार्टर सोडायची आहे. मुर्तिनीला गल्लीच्या तोंडाशी खानावळ काढायची इच्छा आहे. ती तसं बोलत नाही, पण तीस वर्षं संसार केलाय, मला तिच्या मनातलं कळतं. सही करून टाक.

तुझा,
बिरिन


आयर रेंगास, बांगका बेट
२५ मार्च २००२

बिरिन,

तुझं म्हणणं अगदी खरं रे बाबा. त्या वाळूत काही म्हणजे काही उगवत नाही. मी रोज जाते, बघते, डोळे पुसते, परत येते. तुझं पत्र वाचल्याबरोबर मी सहीसाठी पेनसुद्धा शोधून ठेवलं. पण एक अडचण झाली आहे.

तळ्यात मगर आली आहे.

एवढी मोठी, की पाठ वर आली तर वाटावं फणस तरंगताहेत. शेजारच्या तारमिझीची बदकं तिने गिळली. म्हणजे गिळली असावीत. बदकं दिसत नाहीत एवढं नक्की. नवऱ्याने ती बाजारात विकली असं तारमिझीची बायको म्हणते, पण लोक काय, काहीही बोलतात.

आता तूच सांग, तुझ्या बालमित्राला मी मगरीच्या तोंडी कशी देऊ? त्याच्या अंगठ्यांसकट गिळायची ती. पाप माझ्या माथी. तेव्हा मगर आपल्या मनाने जाईपर्यंत थांबू या. मगरी फार जगतात म्हणे, पण आपल्यालाही कुठे घाई आहे?

तुझी,
युक रोहाया

ता. क. गोदीत जुनी तागाची पोती फेकून देतात ना? मिळतील तेवढी पाठव. आणि तुमच्या जावा बेटावर रबराच्या झाडांखाली एक शेंगवेल पेरतात, तिचं बी मुर्तिनीला विचारून पिशवीभर पाठव. कोंबड्यांना फार आवडतं.


सुराबाया
२० एप्रिल २००२

युक,

पोती जहाजाने निघाली आहेत. मुर्तिनीने ती धुऊन, वाळवून, घड्या घालून बांधली. शेत नाही, धान्य नाही, मग तुझ्या युकला इतकी पोती कशाला, असं तिने दोनदा विचारलं. मी म्हटलं, म्हातारपण आहे, काहीतरी साठवावंसं वाटतं माणसाला. शेंगवेलीचं बीही पाठवलंय. दुकानदार म्हणाला, कोंबड्या याला तोंड लावत नाहीत. मी म्हटलं, माझ्या बहिणीच्या कोंबड्या तिच्याच वळणावर गेल्या आहेत.

मगरीचं वाचून मात्र माझी झोप उडाली. तू तिथे एकटी, गुडघे असे, आणि रोज त्या तळ्याकाठी रडायला जातेस! अजिबात जायचं नाही. मी तोड काढली आहे. मेंतोकचा आतोक साहाक, मगरी धरणारा मांत्रिक, त्याला जहाजावरच्या एका ओळखीच्या माणसाकरवी निरोप धाडला आणि त्याची दक्षिणाही पोचती केली. पुढच्या महिन्यात येईल. त्याच्या जेवणाखाणाचं तेवढं तू बघ.

आणि एक सांग. गुफ्रान परवा रस्त्याने जात होता, त्याला आपल्या वाळूवर गाई बसलेल्या दिसल्या. मगर आहे तिथे गाई कशा?

तुझा काळजीत पडलेला,
बिरिन


आयर रेंगास
२ जून २००२

बिरिन,

आधी गाईंचं. तारमिझीच्या गाईंना गोचिड्या झाल्या होत्या. मी सहज बोलून गेले, की कथलाच्या वाळूवर गोचीड टिकत नाही. तेव्हापासून तो रोज संध्याकाळी गाई तिथे आणून बांधतो आणि सकाळी सोडून नेतो. नेतो फक्त गाई. त्यांनी रात्रभर जे टाकलं ते तिथेच राहतं. वर उपकार फेडायला मलाच दर शुक्रवारी दूध आणून देतो. मी नको म्हणत नाही, त्याचं मन मोडतं.

आता तुझा मांत्रिक. अरे, काय हे केलंस!

आतोक साहाक आला तो दात नसलेला, हातात कोंबडी, खांद्यावर दोर. तळ्याकाठी काजूच्या सावलीत, म्हणजे छत्रीच्या सावलीत, बसला. मला म्हणाला, "मुली, मगर कधी पाहिलीस?"

मी म्हटलं, "परवाच. संध्याकाळी."

"डोळे कसे होते?"

"दोन होते."

त्याने माझ्याकडे बघितलं आणि तो हसला. मला वाटलं, कळलं म्हाताऱ्याला. हा दोन दिवस माझ्या हातची लेंपाह, आपला मासळी-अननसाचा रस्सा, ओरपेल, मंत्र पुटपुटेल आणि दक्षिणा पचवून जाईल. मी निवांत. गावातले लोक मात्र रोज जमायचे. मीही त्यांच्यात बसून "फार मोठी आहे हो" म्हणायचे. स्वयंपाकघरात जाऊन तोंडाला पदर लावून हसायचे.

आणि एका सकाळी दोर ताणला गेला. सहा माणसं लागली ओढायला. तारमिझी चिखलात बसला तो उठेचना. बिरिन, खरी मगर! मी सांगितली होती तिच्यापेक्षा हातभर मोठीच. त्या तळ्यात मी इतकी वर्षं आंघोळ करते आहे! कमरेइतक्या पाण्यात उभी राहून जलपर्णी ओढते आहे! आतोक साहाकनेच मला हाताला धरून बाजूला बसवलं. कानाशी येऊन म्हणाला, "मुली, थाप मारावी, पण पाण्याला विचारून मारावी."

मगर गाडीत घालून नेली. आता गावात माझा मान वाढलाय. रोहाया म्हणत होती, आपण ऐकलं नाही, असं बायका म्हणतात. आणि दुसऱ्याच दिवशी गुफ्रान दारात, हातात मार्ताबाक मिठाईचा खोका. "युक, मगर गेली. आता पेन काढा."

मी म्हटलं, मगरी जोडीने राहतात. त्यावर तो हसला आणि तळ्याकडे चालू लागला. मी वाटेत आडवी गेले, पण माझे गुडघे तुला माहीत आहेत.

रोहाया


सुराबाया
२८ जून २००२

युक रोहाया,

गुफ्रानचा फोन आला होता. तो म्हणतो, तुझ्या बहिणीने तिथे जंगल केलंय. काजूची झाडं त्याच्या डोक्याच्या वर गेली आहेत. मध्ये अननस. मधमाश्यांची पेटी. जमिनीवर सगळीकडे ती शेंगवेल. जी तुझ्या कोंबड्या खातात.

फोनवर हसू येत होतं त्याला. मला नाही आलं.

इतकी वर्षं तू मला पत्रं लिहिलीस. गुडघे, पाऊस, कोण मेलं, कुणाचं लग्न झालं, सगळं. जमिनीबद्दल विचारलं की "काही उगवत नाही." मी तुझा कोण लागतो? गेल्या ईदला तू बरणीभर आपल्याकडचा कडू मध पाठवलास, बाजारातून घेतला म्हणालीस. मी तो गोदीत दहा जणांना चाखवला, आमच्या बांगकाचा मध म्हणून मिरवला. तो माझ्या बापाच्या जमिनीतला होता हे एकट्या मलाच माहीत नव्हतं.

गुफ्रान म्हणतो, झाडांची अडचण नाही, यंत्र एका सकाळीत साफ करेल. मी त्याला अजून हो म्हटलेलं नाही, पण नाही म्हणायला माझ्याकडे काय आहे? ऑगस्ट तोंडावर आलाय. मुर्तिनीने तुझं मगरीचं पत्र वाचलं आणि त्या दिवसापासून ती माझ्याशी धड बोलत नाही. गप्प गप्प असते. तुझा राग माझ्यावर काढते आहे, दुसरं काय.

सही पाठव, नाहीतर का पाठवत नाहीस ते खरं खरं लिही. एकदाच.

बिरिन


आयर रेंगास
१५ जुलै २००२

बिरिन,

लिहिते खरं.

पहिल्या वर्षी मी काजूची रोपं लावली, प्रार्थनेला उभी केल्यासारखी ओळीत. पाऊस संपला आणि सगळ्यांच्या काड्या झाल्या. दुसऱ्या वर्षी वाटलं, खत हवं. बाजारातली नासकी मासळी आणून पुरली. गावातली सगळी कुत्री जमली आणि मासळी रोपांसकट उकरून घेऊन गेली. लोक किती हसले, विचारू नकोस. तिसऱ्या वर्षी चिडून काहीच लावलं नाही. एक मोडकी शिडी नेऊन उभी करून आले, घरात अडचण होत होती म्हणून.

त्या वर्षी शिडीखाली करामुंतिंग उगवलं. आपण लहानपणी खाऊन जिभा जांभळ्या करायचो ना, तेच झुडूप. शिडीवर पाखरं बसायची. कुठेतरी खायची आणि इथे टाकायची. मग मी वाळूभर बांबू रोवले, आडवी काठी बांधून. गावाला वाटलं, रोहाया मासे वाळत घालणार. पाखरांनी माझं काम केलं. झुडूप आलं की त्याच्या सावलीत एक काजू लावायचा, बुंध्याशी ओलं पोतं, पोत्यावर तळ्यातली जलपर्णी, वर शेण. शेणाची सोय कशी केली ते तुला ठाऊक आहे.

तरी निम्मी मरायचीच. मिरी तर अजून एकही जगली नाही, बाबांचं पीक होतं म्हणून मी दरवर्षी लावते आणि दरवर्षी ती मरते. जमिनीचा अर्धा भाग आजही पांढराच आहे. गुफ्रान जंगल म्हणतो, त्याने जंगल पाहिलेलं दिसत नाही.

आणि एक दिवस मी सहज पानांचा थर उचलला, तर खाली गांडूळ. एकच. बारीक, फिकट. बिरिन, त्या वाळूत! मी पटकन पानं परत ठेवली, झोपलेल्या मुलावर पांघरूण घालावं तशी. कुणाला सांगू असं झालं. तुला लिहायला बसले होते. अर्धं पान लिहिलं आणि चुलीत टाकलं.

का, ते सांगते. बाबांना पुरून आपण त्या वाळूवर उभे होतो तेव्हा तू म्हणालास, "युक, इथे आता फक्त थडगीच लागतील." तू हसलास, मीही हसले. राग नाही आला. पण नंतर मनात आलं, की मेलेल्या जमिनीचा वारस कुणाला व्हायचं नसतं, म्हणूनच ती माझ्याकडे राहिली आहे. ती जिवंत आहे हे कळलं, की भाऊ आठवेल, भावाला गरज आठवेल, गरजेला गुफ्रान सापडेल. झालं तसंच. त्या जमिनीची भीती नव्हती मला, तुझी होती. तू वाईट नाहीस. तुला नाही म्हणायला जमत नाही, लहानपणी डबासुद्धा तू गुफ्रानला स्वतःच उघडून द्यायचास.

सही मी करणार नाही. पण तुझा अर्धा हिस्सा मी नाकारतही नाही. तो तुझा आहे. वाटणी करून घे आणि मग त्याचं काय करायचं ते कर. फक्त कुठल्या झाडापर्यंत तुझं आणि कुठून माझं, ती रेघ तू स्वतः येऊन ओढ. मी दोरीचं दुसरं टोक धरणार नाही.

युक


सुराबाया
९ ऑगस्ट २००२

युक,

माझा अर्धा हिस्सा मी विकला. गुफ्रानला नाही.

घेणारी व्यक्ती फार चिवट आहे. माझी एकही अट ऐकून घेतली नाही. पुढच्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारी पांगकल बालाम बंदरावर जहाज लागेल, तिथून ती व्यक्ती थेट तुझ्याकडे ताबा घ्यायला येईल. नीट वागव. मगर, वाघ, भूत यांपैकी काहीही सोडायचं नाही.

अधिक लिहायची मला परवानगी नाही.

बिरिन


आयर रेंगास
२२ सप्टेंबर २००२

अरे लबाडा,

तुझं पत्र वाचून मला दोन रात्री झोप नाही. परवानगी नाही म्हणजे काय? कुणी सावकार असेल, गुफ्रानचाच माणूस असेल, असं मनात येत राहिलं. मग ठरवलं, आपण तयारीत राहायचं. तारमिझीचा मारका बैल फाटकाशी बांधला. रुसिपची बरणी, आंबवलेल्या मासळीची, चांगली मुरलेली, वाऱ्याच्या तोंडाला उघडून ठेवली. तारमिझीला सांगितलं, कुणी आलं की खोकायचं आणि थुंकायचं, साथ आहे म्हणायचं. तो इतका मन लावून खोकला, की त्याची बायको काढा घेऊन धावत आली.

दुपारी गाडी थांबली. आधी ट्रंक उतरली. मग खुराड्यासकट दोन कोंबड्या. मग तुझी बायको.

चेहरा हिरवा, सगळा समुद्र तिने ओकून काढलेला. बैलाकडे बघितलं, त्याच्या नाकावर चापट मारली, तो बाजूला झाला. नाक वर करून वास घेतला आणि म्हणाली, "रुसिप का? झाकण लावा, युक, माश्या बसतील. भात आहे का थोडा?"

मी म्हटलं, "मुर्तिनी, तू? आणि घेणारा कुठाय?"

"घेणारी," ती म्हणाली. "माझ्या बांगड्या यांच्या पुढ्यात ठेवल्या आणि म्हटलं, तुमचा हिस्सा मला द्या. मग बांगड्या उचलून परत घातल्या. नवराबायकोत एवढं चालतं."

मग म्हणाली, "खानावळ काढायची आहे म्हणे मला! तीस वर्षं चुलीपुढे उभी आहे मी, आणखी उभं राहायला खानावळ काढीन? क्वार्टरमध्ये एक मिरचीचं रोप लावायचं तर रंगाचा रिकामा डबा शोधावा लागायचा. तुमचं मगरीचं पत्र वाचलं. जलपर्णी ओढणारी बाई रिकाम्या वाळूसाठी ओढत नाही, हे मला त्याच दिवशी कळलं. यांना नाही कळलं. यांच्याशी बोलायचंच बंद केलं मी, म्हटलं बघू किती दिवसांत विचारतात, काय झालं. नाही विचारलं."

बघ बाबा. तुला तिच्या मनातलं कळतं ना?

भात न खाताच ती तिकडे गेली. चपला काढल्या. काजूखाली, पानांच्या थरावर, पाय रोवून उभी राहिली. मी मागे उभी. वाटलं, आता काही गोड बोलेल. तर म्हणाली, "हद्द कुठाय?"

तेवढ्यात गुफ्रान आलाच. त्याला कुठून कळतं देव जाणे. तिने त्याला बोलूच दिलं नाही. "बरं झालं आलात, भाऊ, हे धरा," म्हणून दोरीचं टोक हातात दिलं आणि अख्खी दुपार त्याला उन्हात मागेपुढे नाचवलं. शेवटी ट्रंकही त्याच्याच डोक्यावर घरापर्यंत आली. जाताना घाम पुसत मला म्हणाला, "युक, ही बाई मगरीहून वाईट." परत फिरकलेला नाही. पण शेजारच्या गावात त्याला जमीन मिळाली. वारा तिकडचा असला की पंपाचा आवाज येतो.

आता गाऱ्हाणं ऐक. तुझ्या बायकोने माझं जगणं कठीण केलंय. माझ्या रश्शात साखर घालते. माझ्या काजूची फांदी तिच्या मिरच्यांवर सावली धरते म्हणून मला न विचारता छाटली. मी तिच्या कोंबड्यांबद्दल तारमिझीकडे बोलले, ते तिला कळलं. परवा हद्दीची खुंटी हातभर माझ्याकडे सरकलेली दिसली. विचारलं तर म्हणते, वाळू आहे, सरकते. मी दुपारी ती परत सरकवली, आणि थोडी आणखी.

तिच्या वाट्याला बराचसा पांढरा भाग आलाय. मी मुद्दाम दिला असं तू म्हणशील. दिलाच मुद्दाम. म्हटलं, बघू किती दिवस टिकते. ती उन्हात टोपली घेऊन गावभर फिरते, लोकांच्या अंगणातला पालापाचोळा मागून आणते. केळीची सालं, नारळाच्या शेंड्या, काही सोडत नाही. लोक मला विचारतात, ही कोण? मी सांगते, शेजारीण.

आज सकाळी मी उठले तर ती अंथरुणात नव्हती. म्हटलं, पुन्हा खुंटी. काठी घेतली आणि आवाज न करता गेले, चांगली रंगेहाथ पकडायची म्हणून. झुडपाआडून बघितलं. टोपलीभर पाचोळा घेऊन ती हद्द ओलांडून माझ्या बाजूला आली होती. माझी मिरीची रोपं आहेत ना, दरवर्षी मरणारी, त्यांच्या बुंध्याशी ओणवी होऊन ती पाला पसरत होती. हाताने दाबून दाबून. स्वतःशीच पुटपुटत होती, "इतका पातळ थर घालतात का कुणी? युकना काही कळत नाही."

मी तिला अडवलं नाही. तशीच मागे फिरले, अंथरुणात शिरले आणि ती आल्यावर घोरत राहिले.

पेन्शनच्या कागदांसाठी तिथे आणखी किती दिवस थांबणार? तू कधी येतोस? घरात तिसरं अंथरूण मावत नाही, पडवीत झोपावं लागेल. येताना फावडं तुझं तू आण, आमची आम्ही देणार नाही.

युक रोहाया